बासरच्या घाटावर बायकांना आडोसा हवा

2016 साली बासर आदिलाबादेतून निर्मल जिल्ह्यात गेले, पण आपल्या लेकरांचा अक्षराभ्यास आजही तिथेच होतो. नांदेड-धर्माबादहूनही माणसे येतात. गोदावरीत स्नान केल्यावर आयाबहिणींनी ओली लुगडी बदलायची कुठे? 2015 नंतरचा पुष्कर 2027 चा. त्या बारा दिवसांपुरते पत्रे ठोकून भागणार नाही. वसंत पंचमीची गर्दी दरवर्षीचीच. बांधवांनो, आपली मागणी साधी आहे. मोडकी शौचालये पाडून पक्की बांधा, शेजारी कपडे बदलायच्या खोल्या काढा. दाराला आतून कडी हवी, नळाला पाणी हवे. सफाई कामगाराचा वर्षभराचा पगार आधीच मंजूर करा, नाहीतर महिन्यात कुलूप लागते! पाट्या तेलुगूबरोबर मराठीतही असाव्यात. आणि ठेकेदाराचे बिल काढण्याआधी गावातल्या चार बायकांना आत जाऊन पाहू द्या.