वादळाआधी पाहिलंत, वादळानंतर का नाही?

उपग्रहांच्या नजरेने आमचा किनारा पाहणाऱ्या सर्वांना,



आधी तुमचं ऋण मान्य करते. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या गावातली एकही होडी पाण्यात नव्हती. दोन दिवस आधीपासून फोन येत होते, ग्रामपंचायतीचा भोंगा फिरत होता. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आलं, तेव्हा कोकणातले कित्येक खलाशी घरी परतले नाहीत. यावेळी आमचे परतले. ३६,००० किलोमीटर उंचीवरून इन्सॅट-३डी आणि इन्सॅट-३डीआर आळीपाळीने दर पंधरा मिनिटांनी ढगांची चित्रं पाठवत होते. ढगांच्या वेटोळ्यावरून तुम्ही वादळाचा जोर ओळखलात, त्याची वाट ओळखलीत, आणि आमची माणसं वाचली. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याकडेच गाऱ्हाणं न्यावं लागतंय, म्हणून हे पत्र लिहिताना जड जातंय.

त्या दुपारी आम्ही शाळेच्या स्लॅबखाली बसलो होतो. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. वाऱ्याच्या आवाजातही पोफळ मोडल्याचा आवाज वेगळा कळायचा, सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. सासूबाई आधी बोटांवर मोजत होत्या, मग त्यांनी हात पदराखाली घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेले तर पायाखाली ऊन होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या जमिनीवर मी कवडशांपलीकडे ऊन पाहिलं नव्हतं. ते लख्ख ऊन बघून मला रडू फुटलं.

आमची वाडी २० गुंठ्यांची. सासऱ्यांनी लावलेल्या २६० पोफळी, त्यांच्या मध्ये माड, जायफळं, खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. २६० पैकी १९० पोफळी गेल्या. फळबागांची सरकारी मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० झाली, ही मोठी वाढ होती, ते मी नाकारत नाही. पण हिशोब जमिनीचा होता. माझ्या २० गुंठ्यांना १०,००० रुपये. माड, जायफळं, मिरी सगळं सोडून दिलं तरी मोडलेल्या एका पोफळीमागे जेमतेम बावन्न रुपये. रोप लावल्यापासून पहिला घड हाती यायला पाच-सात वर्षं जातात. कोकणातली वाडी एकावर एक मजले चढवल्यासारखी असते. ती गुंठ्यांत मोजली की वरचे सगळे मजले हिशोबातून जातात.

मग किनाऱ्यावर सगळीकडून मागणी झाली की झाडं मोजा. आमच्याकडे मोजायला माणूस आला तोवर गणपती होऊन गेले होते. सव्वा महिना गावात वीज नव्हती, रस्ते पडलेल्या खोडांनी अडले होते. खोडं कुजली की त्यांत भुंगा अंडी घालतो आणि उरलेले माडही जातात, म्हणून आम्ही उसने पैसे काढून खोडं कापून हलवली होती. वही घेऊन आलेला मुलगा सभ्य होता. त्याने विचारलं, “काकू, झाडं होती याला पुरावा काय?” मी त्याला बुंधे दाखवले. बरेचसे चिखलात गाडले गेले होते. त्याने दिसले तेवढे लिहिले: ९०. माझ्या शंभर पोफळी त्या वहीत कधी उगवल्याच नव्हत्या.

माझी तक्रार त्या मुलावर नाही. तुमच्यावर आहे, कारण पुरावा तुमच्याकडे होता. वादळाच्या सहाच महिने आधी, २७ नोव्हेंबर २०१९ ला, कार्टोसॅट-३ आकाशात गेला. त्याला जमिनीवरची पाव मीटरची वस्तू ओळखता येते. पोफळीचा शेंडा त्याहून कितीतरी मोठा असतो. जूनमध्ये ढग असतात, तेव्हा असा कॅमेरा आंधळा होतो, हे मला ठाऊक आहे. पण रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, आणि पावसाळा सरला की आकाश मोकळं होतं. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. पान गेलं की तो परतावा घटतो. मला खालून जे ऊन दिसलं, तेच तुम्हाला वरून आकड्यांत दिसू शकतं. मे महिन्याचं चित्र ऑक्टोबरच्या चित्राशेजारी ठेवलं असतं, तर माझ्याकडे पुरावा मागायची वेळ आली नसती.

वादळाचा डोळा शोधायला तुम्ही इतका जीव ओतता. तो डोळा आमच्या वाडीवरून पुढे सरकला की तुमचा डोळा आमच्यावरून का सरकतो? जीव वाचवणं पहिलं, हे कबूल. पण वाचलेल्या जिवाने पुढे खायचं काय, हाही आपत्तीचाच भाग आहे.

आणि हे एकदाचं संकट नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या काळातल्या नोंदी तपासून २०२१ मध्ये सांगितलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत त्यापुढच्या १९ वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे. ‘निसर्ग’नंतर वर्षही झालं नव्हतं तोच ‘तौक्ते’ आमच्या समोरून गेलं.

म्हणून मागणं एकच आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी किनाऱ्यावरच्या वाड्यांचं चित्र घ्या, त्यावरून झाडांची मोजणी करा, आणि ती यादी सातबाऱ्यासारखी ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे वादळानंतर आम्हाला बुंधे दाखवत फिरावं लागणार नाही.

सासूबाईंनी त्याच पावसाळ्यात मोडलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावून घेतली. पहिला घड बघायला त्या राहिल्या नाहीत. ती १९० रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत आणि आजही कुठल्याच कागदावर नाहीत. पुढच्या मे महिन्यात एखादी निरभ्र सकाळ बघा आणि ती मोजून घ्या.

आपली,
श्रीवर्धन तालुक्यातली एक बागायतदार