विश्लेषण : गळ्यात गाठ सापडली, रिपोर्ट अजून यायचा आहे… या मधल्या दिवसांचे काय करायचे?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुळापासून गळू लागले. हात फिरवला की झुपका हातात आणि काही दिवसांत टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. समाजमाध्यमांनी तर ‘टक्कल व्हायरस’ असे बारसेही करून टाकले. आयसीएमआरचे पथक आले, रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. पण नमुने गेले आणि उत्तर आले, या दोन्हींच्या मधले दिवस गावकऱ्यांनी कसे काढले याची बातमी फार कमी झाली. टोपी घालून, रुमाल बांधून, थट्टा सोसून काढले.

अख्ख्या गावावर आलेली वेळ होती म्हणून ती दिसली तरी. बुलढाणा जिल्ह्यात अशीच वाट एकेकटी माणसे रोज पाहत असतात आणि त्याची कुठे चर्चा होत नाही. गळ्यात सापडलेली थायरॉईडची गाठ हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

समजा, चिखलीजवळच्या एखाद्या गावातली चाळिशीची बाई आहे. पोत घालताना बोटाला काहीतरी गोल लागते. दुखत नाही, खुपत नाही. सोयाबीनची काढणी चालू आहे, ती उरकली की बघू. मग कपाशीची वेचणी येते. दिवाळीला आलेली बहीण म्हणते, ‘अगं, गळा सुजल्यासारखा दिसतो.’ तेव्हा कुठे दवाखाना. तिथून रक्त तपासणी, मग सोनोग्राफी, मग ‘सुई टाकून बघावी लागेल’ असे वाक्य. आणि त्यानंतर सुरू होते ती रिपोर्टची वाट. गाठ कित्येक महिने गळ्यात होती तेव्हा तिला रात्री झोप लागत होती. आता लागत नाही.

गाठ म्हणजे कॅन्सर का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे उत्तर केवळ धीर देण्यापुरते नाही. हाताला लागेल अशी थायरॉईडची गाठ शंभरातल्या चार ते सात प्रौढांमध्ये आढळते, बायकांमध्ये जास्त. सोनोग्राफी केली तर हाताला न लागणाऱ्या आणखी कितीतरी गाठी दिसतात. तपासलेल्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्के कॅन्सरच्या निघतात. बाकीच्या म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या, ग्रंथीचीच वाढलेली पेशीजाळी किंवा जुनी सूज.

घरी करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे. आरशासमोर उभे राहून पाण्याचा घोट घ्यायचा. घोटाबरोबर गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉईडची. तिचा स्वभाव मात्र यातून कळत नाही. दिवसातून वीस वेळा दाबून पाहिल्यानेही कळत नाही, उलट दाबून दाबून ती जागा दुखायला लागते आणि मग ‘आता दुखायलाही लागली’ ही नवी काळजी.

‘टीएसएच नॉर्मल आहे’ हा दिलासा किती खरा?

तालुक्याच्या गावांत सगळ्यात मोठी गफलत इथे होते. टीएसएच ही रक्ताची चाचणी ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगते. गाठ कशाची आहे ते सांगत नाही. थायरॉईडचा कॅन्सर असलेल्या बहुतेक रुग्णांचे टीएसएच नॉर्मलच असते. गाडीचे इंजिन नीट चालते म्हणून पत्र्याला पोचा आलेला नाही असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. तरीही ‘रक्तात काही निघाले नाही’ एवढ्यावर गाठीची फाईल बंद करून घरी येणारे कमी नाहीत. गाठ विरघळावी म्हणून थायरॉईडच्या गोळ्या सुरू करण्याची जुनी पद्धतही आता वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये बसत नाही.

टीएसएच कमी आले तर मात्र त्याला अर्थ आहे. तेव्हा स्कॅन करून गाठ जास्त संप्रेरक तयार करते का ते पाहतात. अशी ‘हॉट’ गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता फारच थोडी, त्यामुळे बहुधा सुईची गरज पडत नाही.

पुढचा टप्पा सोनोग्राफीचा. गाठ घट्ट आहे की पाण्याची, कडा सरळ की वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, आडवी आहे की उभी, यावरून तिला टीआर-१ ते टीआर-५ अशी श्रेणी देतात. अमेरिकेतील रेडिओलॉजी संस्थेची ही पद्धत २०१७ ची. तिच्यानुसार टीआर-५ गाठ एक सेंटिमीटरची असली तरी सुई, टीआर-४ दीड सेंटिमीटरपासून, टीआर-३ अडीच सेंटिमीटरपासून. म्हणजे शेजारणीच्या गाठीला सुई टाकली आणि आपल्या गाठीला टाकली नाही, याचा अर्थ डॉक्टरांनी दुर्लक्ष केले असा होत नाही.

सुईची भीती आणि सहा आकडे

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरवणे. रक्त काढतात त्या सुईसारखीच, बहुधा तिच्याहून बारीक. काम काही मिनिटांचे. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य घाटावर आणि घाटाखाली सारख्याच खात्रीने ऐकायला मिळते. थायरॉईडच्या बाबतीत असे होणे इतके दुर्मीळ आहे की त्यासाठी तपासणी टाळणे म्हणजे साप चावेल म्हणून शेतातच न जाणे.

खरी अडचण पुढे आहे. रिपोर्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ असा येईल अशी सगळ्यांची समजूत असते. तो तसा येत नाही. बेथेस्डा नावाच्या पद्धतीत सहा गट आहेत आणि २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. पहिला गट म्हणजे नमुना अपुरा. दुसरा साधी गाठ, यात कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता ४ टक्के. सहावा कॅन्सर, शक्यता ९७ टक्के. पाचवा संशयास्पद, ७४ टक्के. माणसाची झोप उडवतात ते मधले दोन. तिसऱ्या गटात ही शक्यता सरासरी २२ टक्के आणि चौथ्यात ३०.

चौथ्या गटाचे कोडे समजून घेण्यासारखे आहे. फॉलिक्युलर प्रकारात साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. फरक असतो तो गाठीच्या आवरणात. पेशी आवरण फोडून बाहेर पडल्या आहेत का, हे पाहायला अख्खी गाठ काढून तिचे काप घ्यावे लागतात. सुईला आवरण दिसतच नाही. त्यामुळे ‘निदानासाठी ऑपरेशन’ हे ऐकायला विचित्र वाटले तरी ती कोणाची लबाडी नसते. पहिल्या गटाचा रिपोर्ट आला की ‘लॅबवाल्याने घोळ घातला’ म्हणून भांडण होते. प्रत्यक्षात गाठ पाण्याची असेल तर कुशल हातांनाही पुरेशा पेशी मिळत नाहीत. पुन्हा सुई टाकावी लागते, इतकेच.

रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘कॅन्सर आहे का’ एवढाच नसावा. ‘बेथेस्डा कितवा’ हा असावा.

उशीर झाला तर?

थायरॉईडच्या कॅन्सरमधला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी. तो संथ वाढतो आणि उपचारांनंतर दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. जपानमधल्या कोबे शहरातील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या गाठी ऑपरेशन न करता नुसत्या नजरेखाली ठेवायला सुरुवात केली. दहा वर्षांत त्यांतल्या साधारण ८ टक्केच वाढल्या. दक्षिण कोरियाने उलट टोक गाठले. तिथे सरसकट सोनोग्राफी होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. हजारो लोकांच्या गळ्यावर ऑपरेशनची खूण आली आणि आयुष्यभराची गोळी मागे लागली.

तेव्हा रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागले म्हणून वेळ हातची गेली, असे बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत होत नाही. अपवाद आहेत आणि ते पाठ असावेत. गाठ दर आठवड्याला मोठी दिसते, आवाज बसून तीन आठवडे झाले, गिळताना अडकते, श्वास लागतो, गळ्याच्या बाजूला आणखी गाठी लागतात, घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झालेला आहे किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलेले आहे, असे काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

मीठ, पाणी आणि रील्स

वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलला रात्री दोन वाजताही उत्तर येत असते. कोबी सोडा, काळे मीठ खा, धने उकळून प्या. कोबी-फुलकोबी भाजीत खाल्ल्याने गाठ होत नाही. आयोडीनचा संबंध खरा आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि १७ मे २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडीन मिठाच्या विक्रीवर बंदी आहे. पण आयोडीनयुक्त मीठ हा पुढच्या पिढीचा बचाव आहे. झालेली गाठ जास्त मीठ खाऊन जात नाही, रक्तदाब तेवढा वाढतो. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पाणी खारे आहे म्हणून आयोडीन भरपूर मिळत असेल, असेही गृहीत धरता येत नाही.

शेगावच्या प्रकरणानंतर सेलेनियम हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोहोचला आहे. थायरॉईड ग्रंथीत सेलेनियम असते आणि ते तिला लागतेही. पण त्या गव्हाचा आणि गळ्यातल्या गाठींचा संबंध जोडायला कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. तसा फॉरवर्ड आला तर तो पुढे न पाठवणे बरे.

तारीख कोणी द्यायची?

आतापर्यंतचे सगळे रुग्णाने समजून घ्यायचे झाले. पण रुग्णाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगणाऱ्या व्यवस्थेनेही काही द्यायला हवे. संग्रामपूर-शेगावकडचे लोक अकोल्याला जातात, देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडचे जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. सोनोग्राफी एका गावात, सुई दुसऱ्या गावात, काचपट्टी वाचणारा तिसऱ्याच शहरात. प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि खिडकीवर ‘अजून आला नाही, सोमवारी या’ हे उत्तर मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत गेले आहे. पण ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. गाठ कशाची आहे हे कळेपर्यंतच्या हेलपाट्यांचा खर्च घरातूनच जातो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की पॅथॉलॉजी विभाग आलाच. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. इतके सगळे जमून आलेले असताना अपेक्षा फार मोठी नाही. आठवड्यातला एक दिवस गळ्याच्या गाठींसाठी, सोनोग्राफी आणि सुई एकाच दिवशी, एकाच इमारतीत. हातात दिलेल्या चिठ्ठीवर रिपोर्टची तारीख आणि चौकशीचा फोन क्रमांक. उशीर होणार असेल तर एक एसएमएस. विजेचे बिल थकले तर एसएमएस येतो, तो पाठवणारी यंत्रणा काही चंद्रावरून आणायची नाही. तारीख ठाऊक असली की माणूस तोवरचे दिवस काढतो. ‘या मग पुढच्या आठवड्यात’ ऐकले की तो दर रात्री नव्याने सुरुवात करतो.

घरातल्यांचाही यात वाटा आहे. लग्नाच्या मुलीच्या गळ्यात गाठ निघाली तर ओढणी घट्ट होते आणि तपासणी लांबते. स्थळ येईल, विचारतील, नको. पुढे कधीतरी ती गाठ साधीच निघते, पण तोवर मुलीने एकटीने काढलेल्या रात्री कोणी मोजत नाही. सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही. सोबत दवाखान्यात येणारे, डॉक्टरांचे बोलणे वहीत लिहून घेणारे आणि फाईल सांभाळणारे एक माणूस पुरते.

फाईल सांभाळणे हे दुसऱ्या गटाचा, म्हणजे साध्या गाठीचा रिपोर्ट आला तरी चालूच ठेवायचे असते. सोनोग्राफीत गाठ कशी दिसली त्यानुसार डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी सांगतात, साधारण १२ ते २४ महिन्यांनी, संशय जास्त असेल तर आधीही. त्या वेळी गाठीचे जुने माप शेजारी ठेवून नवे वाचावे लागते. जुना कागद हरवला असेल तर दोन वर्षांपूर्वी गाठ केवढी होती हे कोणालाच सांगता येत नाही आणि सुईची चर्चा पहिल्यापासून सुरू होते.