जुडी तीच, वास निराळा

गेल्या आषाढातली गोष्ट. तुळिंज रस्त्यावर भाजीची पाटी लावून बसणाऱ्या एका मावशीकडून आम्ही नेहमी गवती चहाची १० रुपयांची जुडी घेतो. त्या दिवशी आमच्या पुढचे एक गृहस्थ तिच्यावर खेकसत होते, "पाणी मारून शिळा माल खपवतेस! वास कुठे आहे याला?" मावशी म्हणाली, "साहेब, पहाटेच कापलाय." आणि खोटे कशाला सांगावे, आम्हीही त्या गृहस्थांच्या बाजूने मान डोलावली. आमच्या घरचा चहाही चार दिवस बेचव लागत होता. तिच्या बऱ्याच जुड्या त्या सकाळी पडून राहिल्या.

पुढे या विषयावर थोडे वाचन घडले आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

गवती चहाचा लिंबासारखा वास येतो तो पातीतल्या तेलातील सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे. हे तेल पात उन्हाच्या जोरावर तयार करते. पावसाळ्यात आभाळ झाकलेले, ऊन थोडे. पात मात्र पाणी पिऊन भराभर वाढते. त्यामुळे तेवढ्याच ओल्या पातीत तेल कमी भरते. उन्हाळ्यातली पात राठ आणि बारीक, पण वास दाट. यात मावशीची लबाडी कुठे आली?

आपल्या खानदेशात हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवते. ब्रिटिश अमदानीत भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपात त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणत. गवत खानदेशचे, नाव तुर्कांचे!

या गवताची कापणी पाऊस सरता सरता, ते फुलावर आल्यावर करतात. न उमललेल्या तुऱ्याच्या तेलात जिरॅनिल ॲसिटेटचा भाग मोठा असतो. तुरा पिकत जातो तसे त्याचे जिरॅनिऑल होत जाते. गुलाबाची आठवण देणारा वास या जिरॅनिऑलचा, आणि व्यापारी भाव ठरवतो तोही त्यावरच. कापणीची वेळ चुकली की कष्ट तेवढेच, पैसे कमी. शिवाय या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती. दिसायला सारख्याच, पण निचऱ्याच्या उतारावर वाढणाऱ्या मोतियाला मान, ओलसर सखल जागेतल्या सोफियाला भाव कमी.

तेव्हा भगिनींनो, पावसाळ्यात तीन पातींऐवजी पाच-सहा टाका. पाती कातरून, उकळी आल्यावर टाका आणि भांड्यावर झाकण ठेवा. तेल वाफेबरोबर उडून जाते. उन्हाळ्यातली पात सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर पावसाळ्यात उपयोगी पडते. बाटलीतले सुगंधी तेल मात्र निराळे, ते फार तीव्र असते. सर्दी झाली म्हणून लहान मुलांच्या नाकात त्याचा थेंब सोडू नका.

पुढच्या रविवारी आम्ही मावशीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "हे त्या साहेबांना सांगा." ते गृहस्थ काही पुन्हा दिसले नाहीत. आम्ही दोन जुड्या घेतल्या.