धावा कोणत्या बोलीत करायचा?

संकटात कुणाला तरी हाक मारून बोलावणं म्हणजे ‘धावा’ करणं. शब्द ‘धावणे’वरून आला, पण धावा करणारा बिचारा जागच्या जागी अडकलेला असतो, धावायचं असतं ते दुसऱ्याने. ‘मदत’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली, ‘कुमक’ मूळची तुर्की. संस्कृतात ‘सहाय’ म्हणजे बरोबर जाणारा. त्याचं ‘साहाय्य’ झालं आणि ते सरकारी पाट्यांवर जाऊन बसलं. ते साहाय्य लिहायचं की सहाय्य, हा घोळ अजून मिटलेला नाही.

विहिरीत पडलेला माणूस मात्र ‘साहाय्य करा’ असं ओरडत नाही.

लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलण्याच्या या विषयावर रिद्धपूरचा हक्क जुना आहे. वऱ्हाडातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ इथेच राहिले. गावकरी त्यांना माय आणि बाप दोन्ही मानत. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्या तोंडून गोळा केल्या आणि इथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पंथातले पंडित केशिराजबास यांना संस्कृतात लिहायचा मोह झाला, तेव्हा चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, ही त्यांची काळजी होती.

ती काळजी आज वऱ्हाडात पुन्हा करायला हवी. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या भागात मानसिक आधारासाठी 14416 हा ‘टेलिमानस’चा क्रमांक 2022 पासून आहे. त्यावर मराठीही बोलता येतं, हे चांगलंच. पण कापसाच्या पट्ट्यातली आजी ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगणार नाही. ‘मले कसंतरीच होते’ एवढंच म्हणेल आणि गप्प बसेल. पलीकडच्याला त्या ‘कसंतरीच’चं वजन कळलं नाही, तर तो पित्ताची गोळी घ्यायला सांगून मोकळा होईल.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. म्हाइंभटांसारखं गावोगाव फिरून, माणसं अडचणीत काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, हे त्याने टिपावं. त्या टिपणांची प्रत अमरावती, अकोला, यवतमाळच्या समुपदेशकांच्या टेबलावर आधी पोचावी. परिसंवाद नंतर भरवले तरी चालतील.