दर्यापूरचा बंदुकीचा परवाना पुण्यात चालतो का? आणि मेळघाटात?

८ फेब्रुवारी २०२४. दहिसर-बोरिवली भागातल्या एका ऑफिसात फेसबुक लाईव्ह सुरू होतं आणि त्याच लाईव्हमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोराने नंतर स्वतःलाही संपवलं. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला, पण त्यानंतर आलेली एक बातमी फारशी कुणी वाचली नाही. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या ते हल्लेखोराचं नव्हतंच. ते त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि परवाना होता उत्तर प्रदेशातला. पोलिसांनी अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक केली.

म्हणजे कागद होता, शिक्का होता, तरी गुन्हा दाखल झालाच. म्हणून प्रश्न पडतो की एका गावात मिळालेला परवाना दुसऱ्या गावात कितपत उपयोगाचा? आपण दर्यापूर धरून चालू. अमरावती जिल्ह्यातला तालुका, पण एका अंगाला अकोला जिल्हा आणि वर मेळघाट. सगळे नियम इथे एकाच नकाशात भेटतात.

आधी परवाना देतं कोण?

अमेरिकेत काही ठिकाणी पिस्तुलाची नोंदणी गावागणिक बदलायची. लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे २०१५ पर्यंत पिस्तुलासाठी वेगळं 'ब्लू कार्ड' काढावं लागे, नेवाडा राज्यात बाकी कुठे ही भानगड नव्हती. शेवटी राज्यानेच कायदा करून ते बंद केलं.

आपल्याकडे उलट आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि दोन्ही देशभर सारखे. परवाना मात्र स्थानिक अधिकारी देतो. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथे आयुक्त. दर्यापूर ग्रामीणमध्ये येतं, त्यामुळे इथला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांच्याकडे जातो. पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. परवाना मिळाला की राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद होते आणि एक युनिक नंबर मिळतो, त्याला यूआयएन म्हणतात. जुन्या परवानाधारकांनाही हा नंबर घ्यायला सांगितलं होतं, मुदत बऱ्याचदा वाढवली आणि ती २०२० मध्ये संपली. कपाटातल्या जुन्या पुस्तकावर हा नंबर नसेल तर तो परवाना वैध समजू नका.

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी दोन बदल झाले. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं.

'क्षेत्र' नावाचा रकाना

परवान्यावर तो कुठे चालेल हे लिहिलेलं असतं. जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. बहुतेक लोक बंदुकीचा नंबर पाहतात, हा रकाना पाहत नाहीत. क्षेत्र अमरावती जिल्ह्यापुरतं असेल, तर बंदूक घेऊन मूर्तिजापूरला लग्नाला जाणं म्हणजे परवान्याबाहेर जाणं. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात आहे. दर्यापूरच्या माणसाला तो परका मुलूख वाटत नाही, रोजचं जाणं-येणं असतं, पण कायद्याच्या लेखी जिल्हा बदलला. क्षेत्र वाढवून हवं असेल तर आधी अर्ज करावा लागतो.

राज्यभराचा परवाना असला तरी काम संपत नाही. समजा दर्यापूरचा माणूस नोकरीला पुण्यात गेला आणि रिव्हॉल्व्हर सोबत नेलं. तीस दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर नव्या पत्त्याची खबर परवाना देणाऱ्या कार्यालयाला द्यावी लागते. प्रवासात असाल तर बंदूक झाकलेली, होल्स्टरमध्ये आणि स्वतःच्या ताब्यात हवी. ड्रायव्हरकडे किंवा मित्राकडे 'जरा ठेव' म्हणून देणं हा वेगळा गुन्हा आहे.

मेळघाटात खरीखुरी स्थानिक नोंदणी आहे

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो, अगदी परवानाधारकांनाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४ सांगतं की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन विभागाकडे नोंदवायचं. अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत. आणि त्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. जिल्हाधिकारी एकटे देऊ शकत नाहीत.

मेळघाट अभयारण्य आहे, अकोट तालुक्यात नरनाळा आहे. त्यामुळे दर्यापूर गावातल्या माणसाला हा नियम लागत नाही, पण त्याचा साळा नरनाळ्याच्या पायथ्याशी राहत असेल तर त्याला लागतो. दोघांकडे सारखीच बंदूक, सारखाच परवाना.

प्रवाशांसाठी कलम ३१ आहे आणि ते आणखी कडक आहे. लेखी परवानगीशिवाय कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरू शकत नाही. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा रस्ता जंगलातून जातो. गाडीच्या डिकीत बंदूक आहे आणि आपण फक्त रस्त्याने जातोय, हे उत्तर पुरेसं नाही. संपूर्ण भारताचा परवाना असला तरी नाही.

रोह्यासाठी बंदूक?

वऱ्हाडात बंदुकीचा विषय निघाला की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर पिस्तूल येत नाही. येतं ते रात्रीतून झोपवलेलं शेत. रोही आणि रानडुकरं हरभरा, तूर काय ठेवत नाहीत. कायद्यालाही हे ठाऊक आहे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. खरी गरज असेल तर ती द्यावी, ती पुरणार नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, असं ते कलम म्हणतं.

पण परवाना मिळाला म्हणजे रोही मारायची मुभा मिळाली, असं नाही. इथेच लोक अडकतात. बंदूक बाळगायची परवानगी शस्त्र कायद्याची, जनावर मारायची परवानगी वन्यजीव कायद्याची. उभ्या पिकाचं नुकसान होतंय म्हणून मारायचं तर वन विभागाचा लेखी आदेश लागतो. तो नसेल तर शिकार, आणि मग बंदूक, परवाना, शेतकरी तिन्ही अडचणीत. दोन खात्यांच्या दोन कागदांसाठी शेतकऱ्याने खेटे घालायचे आणि जनावराने मात्र त्याच रात्री यायचं, ही व्यवस्था शेतकऱ्याच्या सोयीची आहे असं म्हणवत नाही.

आजोबांची दुनाळी

सगळ्यात जास्त साधी माणसं सापडतात ती इथे. आजोबांच्या नावावर बारा बोअरची दुनाळी होती. आजोबा गेले. बंदूक माळ्यावर राहिली, कारण 'घरातलीच आहे'. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की ती बंदूक घरात ठेवणं बेकायदेशीर होतं. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. विनापरवाना साधी बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. गावठी कट्टा बाळगणाऱ्यालाही हेच कलम लागतं.

आजोबा हयात असतील तर सोपा मार्ग आहे. वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल त्यानंतर ते हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागू शकतात. वारसाची पोलीस चौकशी होतेच. अर्ज नाकारला तर तीस दिवसांत अपील करता येतं.

निवडणूक आली की

२०२४ मध्ये दर्यापूरने दोनदा मतदान केलं, २६ एप्रिलला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात. पण सरसकट सगळ्यांनी जमा करा, असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये सूचना काढल्या. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती बसते, जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव असलेले अशांची प्रकरणं पाहते आणि त्यांना नोटीस देते. नोटीस आली तर जमा करा आणि पावती जपून ठेवा. नोटीस नसेल तरी बंदूक घेऊन फिरू नका. त्या काळात शस्त्रबंदीचे आदेश असतात आणि ते परवानाधारकालाही लागू होऊ शकतात, आदेश वाचायला हवा.

विमान, परदेश आणि रील

एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, म्हणून हेही सांगायला हवं. केबिनमध्ये बंदूक नाहीच. आधी सांगून, रिकामी करून, चेक-इन सामानात. जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूससुद्धा स्कॅनरमध्ये दिसतं आणि गुन्हा दाखल होतो. वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला ठाऊक असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलंय आणि त्या आधारावर अनेक जण सुटलेत. पण सुटायला कोर्टात जावं लागतं.

अमेरिकेत राहणाऱ्या पोराचा तिकडचा परवाना इकडे शून्य आहे. येताना पिस्तूल आणायचं डोक्यातही नको.

आणि लग्नातला बार. हर्षभरात केलेल्या निष्काळजी गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरीही. वर तो व्हिडिओ आपणच स्टेटसला ठेवतो, पोलिसांना पुरावा शोधायचीही गरज पडत नाही.