ठासणीची बंदूक, कायदा आणि शिसे

रत्नागिरीतील ठासणीची बंदूक वर्तमानपत्रात येते ती बहुधा विनापरवाना शिकारीच्या बातमीतून. इतिहासप्रेमींचे डोळे किल्ल्यांवरील तोफांवर खिळलेले. आंब्याच्या बागेतील ही साधी नळी त्यांच्या गणतीतच नसते. ही उपेक्षा अनाठायी आहे, कारण या बंदुकीला आधुनिक भारताच्या कायद्याने स्वतःहून जागा दिलेली आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेची हत्यारे परवान्याच्या चौकटीत बांधली. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच त्या कामासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. काडतुसाच्या युगात संसदेने शेतकऱ्यासाठी मागच्या युगाचे तंत्र निवडले! एक बार झाला की पुन्हा दारू, बोळा, छर्रे, गज आणि टोपी. या संथपणातच सरकारला सुरक्षितता दिसली असावी.

पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांच्या बंदुका बाळगणारे हौशी लोक आज कमी दाबाची काडतुसे हाताने भरतात. काळ्या दारूसाठी घडवलेली नळी आधुनिक धूरविरहित दारूचा दाब सोसेलच असे नाही. त्यात शिशाचा प्रश्न आला. जमिनीवर पडलेले छर्रे खडे समजून पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छऱ्यांवरच बंदी घातली. पोलादी छर्रा स्वस्त, पण कठीण. तो जुन्या नळीचे नुकसान करू शकतो. बिस्मथ त्याहून मऊ आणि जड, म्हणून जुन्या बंदुकांना मानवतो, पण महाग पडतो.

कोकणात हा वाद पोहोचलेला नाही. तो पोहोचेल तेव्हा बागायतदाराला बिस्मथ विकत घ्यायला सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. माकडांनी नारळ आणि आंब्याची नासधूस करून ज्याचा हंगाम बुडवला, त्याच्यावर पर्यावरणाच्या खर्चाचा आणखी भार घालणे न्याय्य नव्हे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर प्राणी मारण्याला कडक बंधने आहेत. राखणीचे खरे काम आवाज करतो; त्याला दारू आणि बोळा पुरतो, शिसे लागतच नाही. माकडे आवाजाला सरावतात हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर नुकसानभरपाईत आणि वनखात्याच्या उपाययोजनेत शोधावे, छऱ्यात नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी मात्र एक निकडीचे काम उरते. परवानाधारक वारला आणि वारसाने परवाना घेतला नाही, की बंदूक जमा होते. तिच्याबरोबर दारूचे माप, गज, छर्रे ओतण्याचा साचा आणि कोणत्या नळीला किती भरणा सोसतो हे तोंडी ज्ञानही घरातून जाते. संग्रहालयात नुसती नळी टांगून ते परत मिळत नाही. जुन्या परवान्यांच्या कागदांसोबत या वस्तूंची आणि वृद्ध राखणदारांच्या सांगण्याची गावोगाव नोंद व्हायला हवी, आणि तीही हे लोक हयात आहेत तोवर.