मांजराचा वाटा

पालघरच्या किंवा बोईसरच्या मासळीबाजारात सकाळी घटकाभर उभे राहिले, की एक संवाद हमखास कानी पडतो. सरंग्याचा भाव ऐकून मान डोलावणारे गिऱ्हाईक शेवटी मांदेलीचा वाटा पदरात पाडून घेते आणि निघताना विचारते, "आणि मांजरासाठी काही?" मासळीवाली टोपलीच्या तळाची मोडकी, पोट फुटलेली मासळी मूठभर उचलून पिशवीत टाकते. ही मूठ घरी पोहोचताच तशीच, कच्ची, मांजरापुढे जाते. मांजराला मासा शिजवून घालणे म्हणजे वाघाला वरणभात वाढणे, असा आपल्याकडील समज आहे.

हा समज निसर्गाच्या नावाने चालतो, पण निसर्गाचा त्याला आधार नाही. पाळीव मांजराचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील उंदीर खाणारा प्राणी होय. मासा त्याला माणसाने शिकवला. कित्येक माशांच्या, विशेषतः कार्प आणि हेरिंग या कुळांतील काही जातींच्या, कच्च्या मांसात थायामिनेज नावाचे द्रव्य असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि तोही केवळ माशातील नव्हे, तर सोबत खाल्लेल्या इतर अन्नातीलही. १९३२ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चास्टेक यांच्या कोल्हेपालन केंद्रात कोल्ह्यांना कच्चा कार्प घालण्यात आला आणि ते लुळे पडून मरू लागले. या विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

मांजराला हे जीवनसत्त्व कुत्र्यापेक्षा पुष्कळ अधिक लागते. त्यामुळे प्रथम त्याची भूक जाते, मग चाल अडखळते, मान छातीकडे झुकते आणि अखेर झटके येतात. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या मांजराची मान अशीच झुकली होती. कित्येक महिने त्याचा आहार जवळजवळ कच्च्या मासळीवरच चालला होता. आम्ही मात्र ते म्हातारे झाले म्हणून हळहळत बसलो! पशुवैद्यांनी ब-१ ची इंजेक्शने दिली, आणि थोड्याच दिवसांत त्याने मान वर केली. वेळ दवडली असती, तर ते वाचले नसते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. मासळी नीट उकळावी, काटे काढावेत आणि जनावराला द्यावी. मीठ-मसाला, कांदा, लसूण घालू नये. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणून उरलेले कालवणही त्याच्यासाठी नव्हे. थायामिनेज, जंत आणि जंतू यांचा बंदोबस्त विस्तव करतो. बर्फाच्या पेटीवर मात्र भरवसा नको. दीर्घकाळच्या कडक गोठणाने जंत मरतात, पण थायामिनेज टिकून राहते.

तथापि विस्तवाच्याही आवाक्याबाहेरचे काही असते. बांगडा, कुपा यांसारखा मासा बर्फाविना पडून राहिला, की त्यात हिस्टामीन साठते आणि ते शिजवल्याने जात नाही. अशा माशाने माणसालाच पुरळ उठते, उलट्या होतात. मग टोपलीच्या तळचा, दिवसभर उन्हात राहिलेला मासा मांजराला 'चालतो' हे कोणी ठरवले? निदान हा धोका बाजाराला दिसतो. गिऱ्हाईक कल्ले उचलून पाहते, डोळा पाहते, आणि भाव त्याप्रमाणे खालीवर होतो. मासा कोणत्या पाण्यात वाढला, हे मात्र कल्ल्यांवर लिहिलेले नसते.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न टाळता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक, ठरला होता. या वसाहतीच्या सांडपाण्याची वाहिनी नवापूरच्या समुद्राकडे जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सामूहिक प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवणारा आदेश दिला. पण भरपाईचा आकडा म्हणजे माशातील विषाचा आकडा नव्हे.

जपानमधील मिनामाटा येथे पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. त्यापूर्वीच तेथील कोळीवाड्यांतील मांजरे झटके येऊन, वेडीवाकडी नाचत मरत होती. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरांनी सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला घालून तोच विकार प्रत्यक्ष पाहिला, तरी कंपनीने तो निष्कर्ष दडवला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. तारापूर म्हणजे मिनामाटा असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. मांजर आणि मालक एकाच टोपलीतले खातात, आणि मांजराचे वजन कमी असते, एवढेच त्या प्रकरणातून घ्यावयाचे. पारा कच्च्या माशात जितका, तितकाच शिजवलेल्यातही राहतो.

असे आकडे प्रसिद्ध केल्यास मासळीचा भाव पडेल आणि मच्छीमार मरेल, असा आक्षेप येईल. तो गैरलागू नाही. परंतु माहितीच्या अभावी गिऱ्हाईक आज साऱ्याच मासळीकडे संशयाने पाहते. नवापूरचा संशय सातपाटीच्या सरंग्यालाही लागतो, आणि ज्याचा माल निर्दोष आहे त्याला ते सिद्ध करण्याचे साधन नसते.

म्हणून सातपाटी, मुरबे आणि नवापूर येथे उतरणाऱ्या मासळीचे नमुने दर तीन महिन्यांनी तपासावेत आणि पारा, शिसे, कॅडमियम यांची प्रमाणे मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. त्यासाठी लागणारे ज्ञान दूर नाही; वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथून लोकलच्या अंतरावर आहेत. किनाऱ्यावरील पशुवैद्यकीय दवाखान्यांनी झटके येणाऱ्या मांजरांची वेगळी नोंद ठेवावी, आणि त्यात जनावर कच्चा मासा खात होते की शिजवलेला, हेही लिहावे. कारण शिजवलेला खाणारी मांजरे एकाच गावात आजारी पडू लागली, तर शोध थायामिनेजपलीकडे न्यावा लागेल. या तपासणीचा खर्च ज्यांचे सांडपाणी त्या वाहिनीतून जाते, त्यांच्याकडून वसूल व्हावा.